वाटी, चमचा, वजनकाटा

९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार

लेक आणि नात आज घरी आल्या. जन्म मंगळवारचा. जन्माचं वजन दोन किलो सातशे, आज दवाखान्यातून निघताना अडीच किलो. आकडा ऐकला आणि लेकीचा चेहरा उतरला. गाडीत बसल्यापासून एकच पालुपद, "आई, माझं दूध पुरतच नाहीये तिला." एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका म्हणून उमरेड-भिवापूरच्या गावांतून तान्ह्या पोरांची वजनं करण्यात माझी नोकरी गेली. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाच्या अंगातलं जास्तीचं पाणी निघून जातं, वजन सात-आठ टक्क्यांनी उतरतं आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत भरून येतं. हे किती आयांना सांगितलं असेल! त्या ऐकायच्या. पोटची पोर ऐकत नाही, ती फोनमध्ये वाचून खात्री करते.

संध्याकाळपासून नातेवाइकांचे फोन. पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, दुसरा किती किलोची. मी सगळ्यांना पावणेतीन सांगून टाकलं. पन्नास ग्रॅमची थाप आजीला माफ असते.

मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये आशाताई येत नाहीत. गावात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जातात, बाळाला उघडं करून पाहतात, ताप मोजतात, वजन घेतात. ही रीत आमच्या विदर्भातलीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना हे काम शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे तीच रीत देशभरातल्या आशांच्या कामात आली. लिफ्टने चौथ्या मजल्यावर पोचणाऱ्या बाळाला मात्र तिसऱ्या दिवशी बघायला आजीच. आजी तयार आहे.

११ फेब्रुवारी

दूध नाही ही तक्रार खोटी निघाली. बाळ नुसतं स्तनाचं टोक धरून चोखत होतं, म्हणून लेकीला चिरा पडल्या आणि ओढूनही बाळाच्या पोटात फार जाईना. आयआयटी मुंबईतल्या डॉ. रूपल दलाल यांनी पाजण्याची जी पद्धत गावोगावच्या कार्यकर्त्यांना शिकवली, ती मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी शिकले होते. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं, डाव्या हाताने स्तनाला आधार द्यायचा, बाळाने मोठा आ केला की त्याची हनुवटी आधी टेकवायची. खालचा ओठ बाहेर वळलेला हवा आणि काळा भाग खालच्या बाजूने जास्त तोंडात जायला हवा. चार-पाच वेळा सुटलं, मग लागलं. लेक म्हणाली, "आता दुखत नाही." बाळाच्या घशातून गिळल्याचा आवाज आला.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा लंगोट ओले झाले की पुरतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज चौदावा दिवस. दोन किलो सातशे तीस. फिटंफाट.

सोमलवाड्याहून मालिशवाल्या बाई येतात. हात फार छान आहे त्यांचा, बाळ न्हाऊन निघालं की तीन तास गाढ. पण आज त्यांनी नाक सरळ करायला चिमटीत धरलं, आणि छातीला जराशी गाठ लागली तशी ती पिळायला घेतली. "काकू, आत दूध साठलं हाये, पिळून काढा लागते, नाही तं मोठेपणी त्रास होते." आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाच्या, अगदी मुलाच्याही, छातीला सूज येते, आपोआप जाते. पिळलं की पू होतो. मी त्यांना तसं सांगितलं. कानात-नाकात तेल नाही, धुरी नाही, काजळ नाही, हेही सांगून टाकलं. बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मंग मले ठेवलं काहून?" चोळण्यासाठी, म्हटलं. खोबरेल लावून हलक्या हाताने चोळणं बाळाच्या अंगाला आणि झोपेला मानवतं, आणि तेवढं काम त्या आमच्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं करतात.

१९ मार्च

सहाव्या आठवड्याची टोचणं. पेंटाव्हॅलेंट, न्यूमोकोकल, पोलिओचं टोचणं, तोंडातून पोलिओ आणि रोटाव्हायरस. रात्री कणकण. वजन ३ किलो ६००. आणि काल माझ्या तोंडाकडे बघून हसली. झोपेतल्या हसण्याला मी धरत नाही. हे जागेपणीचं, ओळखीचं हसू.

१४ मे

चौदाव्या आठवड्याचा डोस झाला. मान धरते, पालथं घातलं की हातांवर जोर देऊन छाती उचलते. वजन ५ किलो १००.

घराघरांत कूलर घुरघुरतायत, तरी दुपारी भिंती पोळतात. वर्ध्याहून विहीणबाई आल्या आहेत. आल्या-आल्या त्यांनी विचारलं, "ताई, लेकराले पाणी देता न?" नाही म्हटल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं. "एवढं ऊन, आपल्याले घडीघडी पाणी लागते. तिले एक चमचा देल्लं तं काय होते?"

त्यांचा प्रश्न वेडगळ नाही. नागपूरच्या मे महिन्यात तो पडायलाच हवा. पण आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. ऊन वाढलं की बाळ जास्त वेळा पितं, आणि बाळाच्या वाट्याचं पाणी आईने प्यायचं असतं. बाळाचं पोट इवलं. त्यात चार चमचे पाणी गेलं म्हणजे चार चमचे दूध बाहेर राहिलं, आणि चमच्याबरोबर जंतू फुकट. विहीणबाईंना मी हे सांगितलं, मग लेकीसमोर पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. आता दर पाजण्याला विहीणबाई स्वतः तो भरून आणतात. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "सूनबाईच पाणी पीत नाही बरोबर, मी पायते तिच्याकडे."

गुटीचं गाठोडंही त्यांनी आणलंय: हळकुंड, वेखंड, मुरूडशेंग, जायफळ, हिरडा, सगळं निवडून, नव्या सहाणेसकट. सहा महिन्यांच्या आत दूध आणि डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, एवढंच. जायफळाचा वेढा कुणाच्या हातून किती उतरेल हे मोजता येत नाही, आणि सहाण निर्जंतुक राहत नाही. गाठोडं कपाटात गेलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, हे मोठेपण त्यांचं.

१ जून

परवा नागपुरात ५६ अंश! देशभरच्या वाहिन्यांवर आमचं गाव. पुण्याहून, ठाण्याहून फोन, बाळ कसं आहे म्हणून. आता हवामान खात्याने सांगितलं की स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. खरा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या आसपासच. तेही काही कमी नाही, पण ५६ नव्हे.

मला हे वाचून आमच्या अंगणवाडीतले लटकते साल्टर काटे आठवले. झोळी टांगली की आधी काटा शून्यावर आणायचा, हे सेविकांना सांगून सांगून घसा बसायचा. जून महिन्यात गावातली निम्मी पोरं एकदम कुपोषित झाल्याचा एक अहवाल एकदा माझ्याकडे आला होता. पोरं धडधाकट होती, काटाच शून्याच्या मागे राहिला होता. लेक बेशाला आपल्या घरी गेल्यापासून आता आमच्यातही तोच प्रकार चालला आहे. बेशाला त्यांच्याकडे ऑनलाइन मागवलेला काटा आहे, आमच्याकडे वेगळा, डॉक्टरांकडे तिसरा. शनिवारी एक आकडा, सोमवारी दुसरा, मध्ये रडारड. आजपासून नियम केला: एकच काटा, लंगोट काढून, महिन्यातून एकदा. रोज वजन करणाऱ्या घराला बाळाची वाढ दिसत नाही, त्याची शी-शू दिसते.

२४ जुलै

लेक कालपासून मिहानमधल्या कंपनीत रुजू. २०१७ पासून पगारी बाळंतरजा सव्वीस आठवड्यांची आहे, पण तिने त्यातले दोन आठवडे बाळंतपणाआधी घेतले होते. म्हणजे सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि कायद्याची रजा यांचा हिशेब जुळत नाही. दोन आठवडे हवेत लटकतात. पन्नास माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर असावं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असंही त्याच कायद्यात आहे. तिच्याकडचं पाळणाघर अजून कागदावर आहे.

२०२२ च्या डिसेंबरात इथल्याच हिवाळी अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या होत्या, ते आठवलं. विधानभवनात बाळाला पाजायला-निजवायला धड जागा नव्हती. आमदारबाईंनी बोलून दाखवल्यावर हिरकणी कक्ष उभा राहिला. रायगडचा कडा उतरलेल्या गवळणीचं नाव त्याला आहे; एसटीच्या स्थानकांवरच्या खोल्यांनाही तेच. बाळासाठी कडा उतरावा लागला, याचंच आपण अजून कौतुक करतो. पायऱ्या बांधायचं मनावर घेत नाही.

तर सध्याची व्यवस्था अशी. लेक सकाळी निघण्याआधी आणि दुपारी तिकडे एका बैठकीच्या खोलीत दूध काढते. झाकणाच्या स्टीलच्या वाट्या, वर वेळ लिहिलेली पट्टी. बाहेर ठेवलं तर चार तास, आणि नागपूरच्या हवेत तेवढेही नकोत. फ्रिजमध्ये एक दिवस. गरम करायचं नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवायची. पाजायला माझ्या आईचं चांदीचं बोंडलं. बाटली आणायची नाही यावर जावयांनी सही केल्यासारखी मान हलवली. पहिल्या दिवशी निम्मं गळ्यावर सांडलं, आज थेंब नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

सहा महिने पूर्ण. वजन साडेसहा किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलींचं मधलं वजन ७ किलो ३००. लेकीने लगेच तेवढं वाचलं. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा तिच्याहून दीड महिन्याने लहान आणि साडेसातचा आहे, हेही तिच्या मनात आहे, बोलत नाही एवढंच. मी तिला रेघ दाखवली. जन्माला नात मधल्या रेघेच्या खालच्या पट्ट्यात होती, दर महिन्याला त्याच पट्ट्यात, त्याच चढाने वर आली आहे. मधल्या रेघेच्या खाली निम्मी मुलं असणारच, नाहीतर ती मधली कसली? तक्ता २००६ चा. भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका इथल्या आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून केलेला. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीची होती. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला जे तक्ते होते ते अमेरिकी मापावरचे आणि मुलगा-मुलगी एकत्र, पोरींवर त्यात अन्यायच व्हायचा.

उष्टावण आजच उरकलं. मामा मुंबईहून आला. आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितलं आहे. आरोग्य संघटना २००१ पर्यंत चार ते सहा महिने म्हणत होती, मग तीही सहावर आली. जन्मताना आईकडून आणलेला लोहाचा साठा या सुमारास सरतो आणि तो भरून काढण्याइतकं लोह दुधात नसतं, म्हणून आता वाटी. चांदीच्या वाटीत खीर केली होती, पण साखर न घालता, खजुराची. मधाचं बोट कुणीतरी पुढे केलं ते मी अडवलं. मधात बॉट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, वर्षाच्या आतल्या आतड्याला ते झेपत नाहीत.

नातीने पहिला घास जिभेने बाहेर ढकलला. सगळे म्हणाले, नको तिला. नको नाही, जिभेला अजून चोखणंच माहीत आहे. एकेक चव आठ-दहा वेळा पुढे करावी लागते.

३ सप्टेंबर

काल पोळा, आज तान्हा पोळा. इतवारी-महालात मारबतींची मिरवणूक, जावई फोनवर बघत होते. आमच्या स्कीमच्या आवारात पोरांचे लाकडी बैल सजले. नातीला मामाने चाकांचा मोठा बैल धाडलाय. भोसल्यांच्या काळापासूनचा हा सण नागपूरचा खास, आणि बैल देखणाच आहे, पण हाताच्या टेक्याने बसायला लागलेली पोरगी उद्या त्यालाच धरून उभी राहू पाहील आणि चाकं पुढे जातील. तूर्त बैल टीव्हीच्या वर.

शेजारच्यांनी वॉकर देऊ केला. नम्रपणे परत. त्यात बसवलेलं मूल चालायला शिकत नाही, बोटांच्या टोकांवर ढकलत राहतं आणि पायरी दिसत नाही. कॅनडात २००४ पासून तो विकायलाच बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतः उभं राहिल्यावर, मागून ढकलत चालण्यासाठी.

१९ सप्टेंबर

महालक्ष्म्यांसाठी लेक, जावई, नात वर्ध्याला गेले होते. परत आले ते बाळाला जुलाब घेऊनच. लेक रजा घेऊन बेशालाच थांबली आहे. ओआरएस, दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, झिंकची वीस मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस, दूध चालूच. दात येतायत म्हणून जुलाब, असं चारही बाजूंनी ऐकलं. दात येतायत हे खरं, खालचे दोन पांढरे टिपके दिसतात. जुलाब होतात ते हिरड्या शिवशिवतात म्हणून मूल सापडेल ते तोंडात घालतं त्यामुळे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सहा किलो सातशे.

ऑगस्टात साडेसहा होती. दोन महिन्यांत दोनशे ग्रॅम. या वयात महिन्याला तीनशेच्या आसपास वाढायला हवं. आजारपण झालं, मान्य. पण जुलाब थांबून दोन आठवडे उलटले आहेत. तक्त्यावर ठिपका मांडला तेव्हा रेघ आडवी पडली. लेकीला यावेळी भीती वाटली नाही, याचंच मला नवल. "हसते, खेळते, बसते, मग काय?" तीन दिवसांच्या बाळाचे दोनशे ग्रॅम उतरले तेव्हा रडलेली हीच पोरगी.

आणि हीच गोष्ट मी नोकरीभर बघितली. पहिले तीन महिने सगळं घर बाळाभोवती. मालिश, शेक, टोपडं, किती प्यालं, किती झोपलं. नंतर बाळ हसायला लागतं, बसायला लागतं, सगळे निर्धास्त होतात. भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडायला बायका दिवसभर जायच्या, सात-आठ महिन्यांचं पोर घरी आठ वर्षांच्या बहिणीकडे. वाटीत वरणाच्या वरचं पाणी आणि त्यात कुस्करलेलं बिस्कीट. रजिस्टर उघडलं की दिसायचं: सहाव्या महिन्यापर्यंत पोर हिरव्या पट्ट्यात, दहाव्याला पिवळ्यात. आईला सांगावं तर ती म्हणायची, "खाते जी, सगळंच खाते." खोटं नव्हतं ते. पोट भरत होतं, पाण्याने.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, महाराष्ट्रात सहा महिन्यांखालची ७१ टक्के मुलं निव्वळ आईच्या दुधावर होती. चांगलं आहे. पण सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी सबंध देशात ११.३ टक्के. शंभरात अकरा! हा आकडा गरिबीचाच असता तर बेशाच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माझ्या नातीची रेघ आडवी पडली नसती. तिच्या डब्यात काय होतं ते बघितलं. मूगडाळीचं पाणी, तांदळाची पेज, सफरचंदाचा गाळलेला रस, सगळं मिक्सरमधून काढून पातळ. "हलकं द्या" असं कुणी सांगितलं होतं, आणि घशात अडकेल ही धास्ती वेगळी.

आणखी एक. सरकारी लसीकरणात चौदाव्या आठवड्याची टोचणं झाली की पुढचं नवव्या महिन्यात. मध्ये पावणेसहा महिने मूल दवाखान्याची पायरी चढत नाही, म्हणजे काट्यावरही चढत नाही. आणि रेघ वाकते ती नेमकी याच काळात. आशांनी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्याला घरी जावं असा कार्यक्रम २०१८ पासून आहे, तो याचसाठी. आमच्यासारख्यांच्या घरी तोही येत नाही.

आता उपाय. चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये, एवढं घट्ट. मिक्सर बंद, बोटांनी किंवा चमच्याने कुस्करायचं. दिवसातून तीन जेवणं, मध्ये दोनदा खाऊ, आणि आजारातून उठलीय म्हणून आणखी एक जेवण दोन आठवडे. प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा तेल. डाळ वरची नाही, तळची. रोज एक अंडं, पिवळं-पांढरं दोन्ही. शेंगदाण्याचं वाटण थोडं; ॲलर्जीच्या भीतीने हे पदार्थ लांबवण्यात फायदा नाही हे आता पक्कं झालंय. गव्हाला मोड आणून, वाळवून, दळून आणलं आहे. घट्ट लापशीत त्याचा एक चमचा घातला की ती पाणी न घालता सैल होते, म्हणजे तेवढ्याच घासात पीठ जास्त जातं.

विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अंड्याचं मी पाहिलं नाही, ऐकलं नाही. पण ज्वारीच्या कण्या काहून नाही देत? मऊ शिजवा, वरून साय घाला." बरोबर आहे. आमच्या पिढीने कण्या गरिबीची खूण म्हणून स्वयंपाकघरातून घालवल्या.

७ नोव्हेंबर

काल नवव्या महिन्याची टोचणं. गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओचं तिसरं टोचणं, अ जीवनसत्त्वाचा डोस. वजन ७ किलो १००. महिन्यात चारशे. कण्यांना साष्टांग.

अनोळखी माणूस दिसलं की ओठ काढते. दिवाळीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तिला ओढून घेतलं आणि प्रत्येकाने म्हटलं, "माणसात न्या हो हिला." या वयात मुलाला आपलं-परकं कळू लागतं. घाबरणं ही हुशारी आहे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जमिनीवरचा फुलझडीचा तुकडा उचलला, तोंडात जायच्या आत मी पकडला. चमचा रुमालाखाली लपवला तर रुमाल ओढून काढते. दोन महिन्यांपूर्वी तो चमचा दिसेनासा झाला की तिच्यापुरता संपायचा.

१ डिसेंबर

रांगत नाही. बुडावर बसून, एक पाय दुमडून घसरत जाते, आणि वेग असा की देवघरापर्यंत पोचायला मला उठेपर्यंतही वेळ मिळत नाही. स्कीममधल्या बायकांमध्ये चर्चा. आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत पाहिलं तेव्हा शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती, तरी चालली. बिनआधाराने बसण्याचा तिथला काळ पावणेचार ते सव्वानऊ महिने, एकट्याने चालण्याचा सव्वाआठ ते साडेसतरा! एवढ्या रुंद फरकात कुणाचं मूल पुढे यावरून भिशीत वाद घालतात. काळजी कशाची करायची तर चौथा महिना संपून मान न धरणारं मूल, तिसऱ्या महिन्यातही न हसणारं, नवव्या-दहाव्यातही न बसणारं, हाक मारली तरी न वळणारं, किंवा आलेलं काही गमावणारं. त्याला तडक डॉक्टरांकडे न्यावं. "होईल हो, आमचा बाळ्या पण उशिरा" म्हणून थांबू नये.

१४ जानेवारी २०२५

बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने. परंपरेप्रमाणे डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, रेवड्या ओततात. हे सगळं घशात अडकायच्या मापाचं. मी शेवंतीच्या पाकळ्या आणि मोठे बत्तासे ओतले, बाकी मोठ्या पोरांना वाटलं. फोटोत फरक कळत नाही. वर आभाळभर पतंग, रस्त्यावर मांजाची भीती. बाहेर नेली नाही.

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

वर्ष झालं. ७ किलो ९००. लांबी ७३ सेंटिमीटर, डोक्याचा घेर साडेचव्वेचाळीस. वर्षाला जन्माच्या तिप्पट धरतात, म्हणजे आठ किलो शंभर. दोनशे ग्रॅम कमी. रेघ आपल्या जुन्या पट्ट्यात परत आली आहे, मला तेवढं पुरे. पलंग धरून बाजूबाजूने चालते, एकटी नाही. "बाबा" म्हणते ते बाबालाच म्हणते. "आई" अजून नाही, त्यावरून घरात जरा ताण आहे. ताटात आमच्याबरोबर जेवते, वरण-भात, पोळीचा चुरा, पालेभाजी, अर्धं स्वतःच्या हाताने. मीठ आता चवीपुरतं चालेल. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत.

संध्याकाळी उमरेडहून माझ्या हाताखालच्या एका जुन्या सेविकेचा फोन आला, वाढदिवसाचा. ती आता नव्या मुलींना शिकवते. तिला म्हटलं, बाकी काहीही शिकव, पण एवढं पक्कं कर: सहावा, सातवा, आठवा महिना, लस नसली तरी पोर काट्यावर घ्यायचं, आणि आईला "खाते का" विचारायचं नाही, वाटी बघायला मागायची.

पुढची टोचणं सोळाव्या महिन्यात, जूनमध्ये.